टर्मिनलमध्ये सिलेक्शन-हायलाइट गंडलंय? आधी बघा पट्टा मारतंय कोण

टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) हायलाइटिंगचा लोचा झाला की बरेच जण सगळ्यात आधी थीम बदलायला जातात, आणि त्याने सहसा काहीच होत नाही, कारण स्क्रीनवरचा तो रंगीत पट्टा कोणी मारलाय हे बघितलेलंच नसतं. मारणारे तिघं असतात. एक खुद्द टर्मिनल, म्हणजे माऊसने ओढल्यावर जे सिलेक्ट होतं ते. दुसरा आत चालू असलेला प्रोग्राम, विम (एडिटर), लेस (फाइल वाचायला), ग्रेप (शब्द शोधायला), एलएस (फाइलींची यादी बघायला) वगैरे. आणि तिसरा शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा, बॅश किंवा झेडशेल. टेस्ट सोपी आहे, टीमक्स (एका टर्मिनलचे अनेक भाग करणारा प्रोग्राम) वगैरे सगळ्यातून बाहेर या आणि नुसत्या प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या ओळीवर, माऊस ओढून बघा. नीट सिलेक्ट झालं तर टर्मिनलला हात लावू नका, गडबड आतल्या कोणाची तरी आहे.

माऊसने सिलेक्टच होत नाही

ही सगळ्यात कॉमन तक्रार. टीमक्समध्ये माऊस ऑन असेल, विममध्ये माऊस=ए असेल किंवा एचटॉप (मशीनवर काय काय चाललंय ते दाखवणारा) चालू असेल तर तो प्रोग्राम टर्मिनलला सांगून ठेवतो की माऊसचं जे काही होईल ते मला पाठव, त्यामुळे तुम्ही ओढता ते टर्मिनलपर्यंत सिलेक्शन म्हणून पोचतच नाही. उपाय: शिफ्ट दाबून ओढा. नोम टर्मिनल, कॉन्सोल, एक्सटर्म, विंडोज टर्मिनल सगळीकडे हेच चालतं, मॅकवर आयटर्म२ असेल तर शिफ्टऐवजी ऑप्शन.

पण शिफ्ट दाबलं की टर्मिनलला टीमक्सचे पेन (स्क्रीनचे भाग) वगैरे काही कळत नाही, त्याच्या दृष्टीने सगळी एकच सपाट ओळ. म्हणून शेजारी शेजारी दोन पेन उघडे असतील तर डावीकडच्या लॉगबरोबर मधली उभी रेघ आणि उजवीकडचा कोडही कॉपी होतो आणि मग पेस्ट केल्यावर आपण कपाळाला हात लावतो. अशा वेळी आधी कंट्रोल-बी आणि मग झेड दाबून तो पेन पूर्ण स्क्रीन करा, कॉपी करा, परत तेच दाबून मागे या. किंवा चौकोनी सिलेक्शन वापरा, नोम टर्मिनलमध्ये कंट्रोल धरून ओढायचं (टीमक्सच्या आत असाल तर शिफ्टही सोबत लागतं), विंडोज टर्मिनलमध्ये ऑल्ट धरून. विममध्ये ओळींचे नंबरही सोबत येतात तेव्हा आधी :सेट नोनंबर मारा.

नवीन सर्व्हरवर विम टाकलं आणि राइट क्लिकने पेस्ट व्हायचं बंद झालं, असं झालं असेल तर ती विम ८ पासूनची करामत आहे. तुमची स्वतःची विमआरसी (विमच्या सेटिंगची) फाइल नसेल तर विम आपली डिफॉल्ट सेटिंग लोड करतं आणि त्यात माऊस ऑन असतो. होम फोल्डरमध्ये .विमआरसी बनवा, त्यात सेट माऊस= एवढंच लिहा, बरोबरच्या चिन्हापुढे काही नाही. विषय संपला.

माऊस हलवला की कचरा टाइप होतो

टीमक्ससारखा माऊस ताब्यात घेणारा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर चालू असताना नेट गेलं, त्या मशीनला जोडणारं एसएसएच तुटलं, आणि आता तुमच्याच मशीनच्या प्रॉम्प्टवर माऊस नुसता हलवला तरी ३५;६२;१४एम असले आकडे धडाधड उमटतात. घाबरू नका, हॅक वगैरे काही झालेलं नाही. माऊस पाठव सांगणारा प्रोग्राम गेला आणि पाठवू नकोस सांगायला कोणी उरलं नाही, एवढंच. रीसेट ही कमांड टाइप करून एंटर. कधी कधी एंटरच चालत नाही, तेव्हा कंट्रोल-जे दाबा, मग रीसेट टाइप करा, परत कंट्रोल-जे. टाइप केलेलं दिसणारही नाही कदाचित, तरी आंधळेपणाने टाइप करा, चालतं.

बायनरी फाइल (वाचायचा मजकूर नसलेली) चुकून कॅट कमांडने स्क्रीनवर ओतल्यावर सगळी स्क्रीन उलट्या रंगात गेली तरी औषध हेच. फक्त रंग चिकटलाय आणि स्क्रीन पुसायची नाहीये तर टीपुट एसजीआर० पुरतं.

पेस्ट केलेलं काळं-पांढरं उलटं दिसतं

हे काम शेलचं. बॅश ५.१ डिसेंबर २०२० मध्ये आलं, तेव्हापासून पेस्ट केलेला मजकूर उलट्या रंगात दिसतो आणि पुढची की दाबली की रंग जातो. उबुंटू २२.०४ वर आलेल्या बऱ्याच जणांनी हे पहिल्यांदा बघितलं. यामागे ब्रॅकेटेड पेस्ट नावाचं फीचर आहे, आणि होम फोल्डरच्या .इनपुटआरसी फाइलमध्ये सेट एनेबल-ब्रॅकेटेड-पेस्ट ऑफ लिहिलं की रंग जातो खरा, पण माझं ऐकाल तर हे करू नका. या फीचरमुळेच कुठूनतरी उचललेल्या चार ओळी पेस्ट केल्या तरी तुम्ही एंटर मारेपर्यंत काही चालत नाही, नाहीतर पहिली ओळ पेस्ट होताक्षणी सुटलीच, आणि त्यात आरएम (फाइल उडवणारी कमांड) असेल तर बोंबला. बॅश ५.२ किंवा त्यापुढचं असेल तर सेट एनेबल-ॲक्टिव्ह-रीजन ऑफ लिहा, रंग जातो आणि सुरक्षा राहते. झेडशेलवाल्यांनी .झेडएसएचआरसी मध्ये झेडएलई_हायलाइट=('पेस्ट:नन') टाकावं.

एलएस मारलं की हिरव्यावर निळं, काही वाचता येत नाही

डब्ल्यूएसएलवाल्यांचा, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्यांचा, हा रोजचा त्रास. कोणालाही लिहायची परवानगी असलेलं फोल्डर धोक्याचं म्हणून एलएस ते मुद्दाम हिरव्या पट्ट्यावर निळ्या अक्षरात दाखवतं, आणि विंडोजची सी ड्राइव्ह लिनक्सच्या आतून बघितली की तिथलं जवळपास प्रत्येक फोल्डर तसंच दिसतं. म्हणजे एलएस आपलं काम बरोबर करतंय, फक्त रंगांची जोडी भयाण आहे. बॅशआरसी या बॅशच्या सेटिंग फाइलच्या शेवटी एक्सपोर्ट एलएस_कलर्स="$एलएस_कलर्स:ओडब्ल्यू=१;३४" लिहा आणि टर्मिनल नव्याने उघडा. ३४ म्हणजे निळा, १ म्हणजे ठळक, मागचा ४२ म्हणजे हिरवा पट्टा आपण काढून टाकला. स्वतःच्या सर्व्हरवर मात्र असं हिरवं फोल्डर दिसलं तर रंग बदलायच्या आधी परवानग्या तपासा.

टीमक्समध्ये विमच्या कमेंट हायलाइट झाल्यासारख्या

थीममध्ये कमेंटला इटॅलिक (तिरकी अक्षरं) आहे आणि टीमक्समध्ये गेल्यावर त्याच ओळी उलट्या रंगात येतात. कारण जुन्या स्क्रीन या टर्मिनल प्रकाराच्या नोंदीत हायलाइटसाठी तोच कोड वापरलाय जो बाकी सगळीकडे इटॅलिकचा आहे, आणि टीमक्सला डिफॉल्ट-टर्मिनल स्क्रीन दिलं तर ते गपगुमान स्क्रीनसारखंच वागतं. टीमक्सच्या कॉन्फिगमध्ये सेट -जी डिफॉल्ट-टर्मिनल "टीमक्स-२५६कलर" करा, मग टीमक्स किल-सर्व्हर मारून परत सुरू करा (याने आतलं सगळं बंद होतं, आधी सेव्ह करा), नुसतं डिटॅच करून (टीमक्स मागे चालू ठेवून बाहेर पडून) भागत नाही. उलटं पण होतं, कोणीतरी बॅशआरसीमध्ये टर्म=स्क्रीन कायमचं लिहून ठेवतं आणि मग साध्या टर्मिनलमध्ये लेसमध्ये शोधलेले शब्द हायलाइट व्हायच्याऐवजी तिरके दिसतात. ती ओळ उडवा. टर्म, म्हणजे टर्मिनलचा प्रकार, हे टर्मिनलने ठरवायचं असतं, बॅशआरसीने नाही.

किरकोळ

विममध्ये शोधल्यावर पिवळं राहिलं तर :नोह, लेसमध्ये एस्केप आणि मग यू. ग्रेपचा लाल रंग पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देताना) लेसमध्ये गेल्यावर गायब होतो तेव्हा ग्रेपला --कलर=ऑलवेज आणि लेसला -आर (कॅपिटल) द्या, पण ऑलवेज एलियासमध्ये (कमांडच्या टोपणनावात) कायमचं ठेवू नका, रंगांचे कोड फाइलमध्ये जाऊन बसतात आणि मग पुढची स्क्रिप्ट रडते.

विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत स्क्रिप्ट मध्येच अडकली असेल तर टायटलकडे बघा. तिथे पुढे सिलेक्ट लिहून आलं असेल तर चुकून क्लिक लागलंय, आणि क्विकएडिट या माऊसने सिलेक्ट करायच्या सोयीमुळे सिलेक्शन असेपर्यंत प्रोग्रामचं छापणं थांबतं, म्हणून प्रोग्रामही थांबतो. एस्केप दाबा, लगेच पळायला लागेल. रात्रभर चालणाऱ्या कामासाठी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन क्विकएडिटची टिक काढूनच ठेवा.

आणि आपल्या मराठी फाइल्स. टर्मिनल म्हणजे चौकटींची वही, एका चौकटीत एक अक्षर, आणि देवनागरीतल्या काना-वेलांट्या किती जागा घेतात हे प्रत्येक प्रोग्राम वेगळं मोजतो. त्यामुळे 'शिक्षण' सिलेक्ट करायला जावं तर पट्टा अर्ध्या अक्षरावर थांबतो, किंवा विमचा कर्सर भलतीकडेच उभा दिसतो. सेटिंग बदलून हे पूर्ण जात नाही. पट्टा कुठे दिसतोय याच्या नादी न लागता तीनदा क्लिक करून अख्खी ओळ उचला आणि एडिटरमध्ये नेऊन कापा.