कॅनबेरा बॉम्बफेकी विमानाची नाविक आवृत्ती कागदावर कशी उतरवावी

खानदेशात समुद्र नाही. आपली तापी सुरतेजवळ जाऊन त्याला मिळते, तेवढाच आपला त्याच्याशी संबंध. तरीही विमानांची रेखाचित्रे काढण्याची आवड असलेल्या इथल्या मुलांना मी एक अभ्यास आवर्जून सुचवतो: जमिनीवरून उडणारे एखादे जेट बॉम्बफेकी विमान घ्यावे आणि ते विमानवाहू नौकेवर चालवायचे झाल्यास त्यात काय काय बदलावे लागेल, हे कागदावर मांडावे. त्यासाठी मी इंग्लिश इलेक्ट्रिक कॅनबेरा निवडतो. हे विमान १९४९ साली प्रथम उडाले, भारतीय वायुसेनेत ते २००७ पर्यंत होते, आणि नौकेवरून उडणारी त्याची आवृत्ती कधीच बनली नाही.

बहुतेक जण विमानाला हूक, म्हणजे डेकवरच्या आडव्या तारेत अडकून विमान थांबवणारा आकडा, रेखाटून सुरुवात करतात. ती चूक आहे. आधी नौका ठरवावी, कारण पुढची सगळी मापे तिच्यावरून ठरतात. आपल्या जुन्या विक्रांतवरचे सी हॉक विमान पूर्ण भरल्यावर सुमारे ७.३ टनांचे होते, तर कॅनबेराच्या जड आवृत्त्या २५ टनांच्या जवळ जातात, म्हणून विक्रांतचा विचार सोडून द्यावा. १९५५ साली ब्रिटिश नौदलात दाखल झालेली आर्क रॉयल सोयीची आहे: तिला वाफेचे कॅटापल्ट, म्हणजे विमानाला वेग देऊन पुढे फेकणारे यंत्र, होते, तिरकी धावपट्टी होती, आणि तिची लांबी सुमारे २४५ मीटर होती. ही लांबी डोळ्यांपुढे आणायची असेल तर भुसावळ जंक्शनच्या फलाटावर उभे राहून जुन्या पद्धतीचे अकरा डबे मोजावेत. एवढ्यात सगळे आटोपायचे असते.

त्यानंतर उड्डाणाचा विचार न करता आधी उतरण्याचा हिशेब करावा, कारण विमानाची खरी मोडतोड तिथेच होते. जमिनीवरचे विमान शेवटच्या क्षणी नाक किंचित वर करून अलगद टेकते. नौकेवर तशी सवड नसते. विमान ठरलेल्या उतारानेच येऊन डेकवर आदळते. जमिनीवरच्या विमानाचे पाय साधारण सेकंदाला ३ मीटर वेगाने खाली येण्याचा धक्का धरून बांधतात, नौकेसाठी तो वेग दुपटीहून अधिक धरावा लागतो, आणि वेग दुप्पट झाला की धक्क्याची ऊर्जा चौपट होते. म्हणून चाकांचे पाय, त्यांतले दट्ट्ये आणि ते जिथे पंखाला जोडले जातात तो भाग नव्याने काढावा.

हुकाचा हिशेबही स्वतः करून पाहावा. समजा १५ टनांचे विमान सेकंदाला ५५ मीटर वेगाने येत आहे आणि नौकेची चाल व समोरचा वारा मिळून त्यातले १५ मीटर कमी होतात. उरलेले ४० मीटर ८० मीटर अंतरात शून्यावर आणायचे तर सरासरी ओढ विमानाच्या वजनाएवढी भरते. वारा आणि चाल नसेल तर ती जवळजवळ दुप्पट होते. ही ओढ धडाला सोसायची असते. कॅनबेराचे पोट मात्र बॉम्बच्या कप्प्यासाठी खालून उघडे आहे, म्हणून हूक कप्प्याच्या मागच्या मजबूत चौकटीला जोडून तिथून पुढे दोन्ही बाजूंनी जाड पट्टे काढावेत.

पंखांच्या घडीवर मी स्वतः सर्वाधिक वेळ घालवला. पंखांचा विस्तार १९.५ मीटर आहे आणि इंजिने पंखातच बसवलेली आहेत, म्हणून बिजागरी इंजिनाच्या बाहेरच घ्यावी लागते. ती मध्यरेषेपासून ४ मीटरवर धरली तर बाहेरचा तुकडा पावणेसहा मीटरचा होतो. आर्क रॉयलच्या हँगरची, म्हणजे डेकखालच्या विमाने ठेवण्याच्या जागेची, उंची होती सुमारे ५.३ मीटर. मी एकास बहात्तर प्रमाणात पुठ्ठ्याचे विमान कापून त्यावर ७.४ सेंटिमीटर उंचीवर छत धरले, तेव्हा पंख सरळ वर उभा करताच छताला भिडला. पाठीवर आडवा पाडला तर दोन्ही पंखांची टोके मध्यरेषा ओलांडून एकमेकांवर चढली. यावर चांगला तोडगा फेअरी गॅनेट या ब्रिटिश नाविक विमानात सापडतो, ज्याचा प्रत्येक पंख दोन ठिकाणी दुमडत असे. दोन बिजागऱ्यांचे वजन वाढते, पण विमान हँगरमध्ये मावते. उभ्या शेपटीला घडीची गरज नाही, कारण कॅनबेराची उंची ४.८ मीटरच्या आतच आहे.

इंजिनांचे दोन प्रश्न विसरू नयेत. त्या काळची जेट इंजिने जोर धरायला वेळ घेत, आणि हूक तारेत न अडकल्यास वैमानिकाला तो जोर तत्क्षणी हवा असतो. म्हणून मोठे हवाई ब्रेक, म्हणजे हवेत उघडून वेग रोखणाऱ्या झडपा, उघडे ठेवून इंजिन चढ्या गतीवर चालवत उतरावे लागते, जसे बुकॅनिअर हे ब्रिटिश नाविक विमान शेपटीच्या टोकाचे ब्रेक उघडून उतरत असे. दुसरे असे की कॅनबेराची इंजिने एकमेकांपासून दूर आहेत आणि कमी वेगात एक बंद पडले की विमान एका बाजूला ओढले जाते. उभी शेपटी आणि सुकाणू मोठे काढावे, आणि शेपटीतला लाकडी भाग काढून धातूचा घालावा, कारण खाऱ्या दमट हवेत लाकडाचा भरवसा धरता येत नाही.

वैशाखातल्या भुसावळची हवाही हिशेबात घ्यावी. ४५ अंशांना हवा १५ अंशांच्या मानाने सुमारे नऊ टक्के विरळ होते. पंखाची उचल त्याच प्रमाणात घटते आणि इंजिनाचा जोरही कमी होतो. उष्ण समुद्रावर पारा इतका चढत नसला तरी कॅटापल्टचा हिशेब उन्हाळ्याच्या हवेवरच करावा.

रेखाचित्र झाले की ते प्रत्यक्षातल्या विमानांशी ताडून पाहावे. अमेरिकी नौदलाच्या ए-३ या बॉम्बफेकी विमानावरून त्यांच्या वायुसेनेने बी-६६ बनवले तेव्हा हूक व पंखांची घडी गेली आणि इंजिनेही बदलली. आपला प्रवास त्याच्या उलट, जमिनीवरून नौकेकडे आहे. आपल्याकडे तेजसच्या नाविक आवृत्तीला भक्कम पाय, हूक आणि खाली झुकलेले नाक द्यावे लागले, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये ते विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर उतरले.

शेवटी वजनाची वही लिहावी: घातलेला प्रत्येक भाग एका बाजूला, काढलेला दुसऱ्या बाजूला. कॅटापल्टची ताकद ठरलेली असल्याने वाढलेले वजन इंधनातून किंवा बॉम्बमधूनच वजा होते. मी बॉम्ब तसेच ठेवले आणि पंखांच्या टोकांच्या इंधनटाक्या काढल्या, कारण दुमडणाऱ्या पंखाच्या टोकाशी त्यांना जागाच उरत नव्हती. त्यामुळे पल्ला घटला, आणि तो घटलेलाच मी कंपासने नकाशावर काढला.