छोट्या विमानाला पक्षी धडकला? मग या चुका टाळा

बर्ड स्ट्राइक म्हटलं की सगळ्यांना 2009 चं हडसन नदीवालं विमान आठवतं, दोन्ही इंजिनं गेली वगैरे. सेस्ना 172 सारख्या एका इंजिनाच्या छोट्या ट्रेनिंग विमानात प्रकार वेगळा असतो, पक्षी प्रॉपवर (पुढच्या पंख्यावर), पंखावर नाहीतर थेट समोरच्या काचेवर येतो, आणि ती काच म्हणजे ॲक्रिलिकची शीट, मोठ्या विमानांच्या काचेला जशी 4 पौंडांच्या पक्ष्याची टेस्ट पास करावी लागते तसं हिचं काही नाही. बारामती, धुळे, गोंदिया, कुठेही ट्रेनिंग घेत असाल तर दुपारच्या थर्मलवर (वर चढणाऱ्या गरम हवेवर) गरगरणाऱ्या घारी आणि रनवेवरच्या टिटव्या भेटणारच.

पक्ष्यापेक्षा जास्त घोळ नंतरच्या घाईने होतो. धाडकन आवाज आला की हात आपोआप योक (विमानाचं स्टिअरिंग) खेचतो किंवा ढकलतो, आणि जमिनीजवळ स्पीड कमी असताना खेचलंत तर स्टॉल ठरलेलाच, म्हणजे पंखांची उचल संपून विमान खाली पडतं. विमान बहुतेक वेळा उडतच असतं हो! नाक जिथे होतं तिथेच धरा, पंख लेव्हल ठेवा, मग बाकीचं. शेजारी इन्स्ट्रक्टर असेल तर दोघांनी एकदम कंट्रोल धरू नका, कोण उडवतंय ते मोठ्याने बोला.

काच फुटली तर वारा, पिसं, रक्त सगळं तोंडावर येतं, आवाज इतका की टॉवर काय बोलतोय ते कळत नाही. डोकं पॅनेलच्या आड खाली घ्या आणि स्पीड कमी करा, पण स्टॉलच्या बराच वर ठेवून. 110 नॉट्सवरून 75 वर आलात तर वाऱ्याचा मारा निम्म्याहून कमी होतो, कारण तो स्पीडच्या वर्गाने वाढतो. म्हणूनच साधा गॉगल कायम डोळ्यावर असावा, स्टाइल म्हणून नाही. उत्तर ऐकू आलं नाही तरी मेडे कॉल (रेडिओवर संकटाची हाक) द्या आणि ट्रान्सपाँडरवर 7700 हा इमर्जन्सी कोड लावा, पण हे विमान सांभाळून झाल्यावर, आधी नाही.

एअरस्पीडवर आंधळा विश्वास ही अजून एक चूक. स्पीड मोजणारी पिटो ट्यूब पंखाखाली असते, तिला लागलं किंवा ती बुजली तर काटा काहीही दाखवेल. मग रोजच्या सर्किटमधली (रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीतली) पॉवर आणि नाकाची पोझिशन लावा, जीपीएसचा ग्राउंड स्पीड वाऱ्याचा हिशोब धरून ताडून बघा. इंजिन थरथरायला लागलं तर प्रॉपला मार बसलाय असं समजून थरथर कमी होईपर्यंत थ्रॉटल मागे घ्या. हवेचा फिल्टर पिसांनी बुजला आणि इंजिन कार्ब्युरेटरवालं असेल तर कार्ब हीटचा (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा) नॉब ओढा, हवा दुसऱ्या वाटेने येते. ऑइल टेंपरेचरकडेही लक्ष ठेवा.

टेकऑफनंतर लगेच धडकला तर रनवेकडे यू-टर्न मारायचा मोह होतो. इंजिन चालू असेल तर शांतपणे सर्किट करून या, बंद पडलं आणि हाइट नसेल तर समोरच उतरायला जागा बघा. आणि फायनलवर, म्हणजे उतरताना रनवे समोर असताना धडकला तर उगाच गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं) नको, फुल पॉवर दिल्यावर तुटका प्रॉप काय करेल कुणी सांगावं.

फ्लॅपचं (उतरताना पंखामागे खाली सोडायच्या पट्ट्यांचं) मात्र बरेच जण विसरतात. पंखाला लागलं असेल तर एका बाजूचा फ्लॅप उघडून दुसरा अडकू शकतो, त्यामुळे हाइट असतानाच थोडा थोडा टाकून बघा, विमान एका बाजूला कलायला लागलं तर लगेच परत घ्या आणि लांब रनवेवर फ्लॅपशिवाय उतरा. लँडिंगच्या स्पीडला विमान कसं वागतंय तेही वरच तपासा, 50 फुटांवर नाही.

उतरल्यावर "थोडंसं रक्तच लागलंय, पुसू आणि पुढची सॉर्टी (फ्लाइट) करू" हे अजिबात करू नका. लीडिंग एजवर (पंखाच्या पुढच्या कडेवर) छोटा पोचा दिसतो पण आत रिब (पंखाची बरगडी) वाकलेली असू शकते, काऊलिंगमध्ये (इंजिनाच्या झाकणात) अर्धा पक्षी अडकलेला असतो. एएमईने (विमान तपासणाऱ्या लायसन्सवाल्या इंजिनिअरने) बघितल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू नको. पाण्याचा पाइप मारायच्या आधी फोटो काढा, ग्लोव्हज घालून पिसं पिशवीत ठेवा, त्यावरून पक्षी ओळखता येतो. डीजीसीएला (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) कळवायचं असतंच, क्लबचे लोक "जाऊ दे रे" म्हणाले तरी.