रुग्ण गाऊ लागला म्हणून हुरळून जाऊ नका: संगीतोपचारात नव्याने येणाऱ्यांसाठी

मेंदूतलं बोलणं घडवणारं ब्रोका क्षेत्र (1861), भाषा समजून घेणारं वर्निके क्षेत्र (1874), दोन्हींना जोडणारा चेतातंतूंचा जुडगा म्हणजे आर्क्युएट फॅसिक्युलस, हे सगळं तुमचं पाठ असणार. अडचण पुढे, रुग्णासमोर बसल्यावर येते.

मेंदूच्या डाव्या गोलार्धात स्ट्रोक झालेल्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नाही, पण लहानपणचं गाणं तो शब्दांसकट म्हणतो. घरचे म्हणतात, वाचा परत आली! नाही आलेली. पाठ गाणी, 1 ते 10 आकडे, शिव्या ही आपोआप सुटणारी भाषा. तिला बराच आधार शाबूत उजव्या गोलार्धाचा असतो. त्याच गाण्यातला एखादा शब्द सुटा म्हणायला सांगा, बहुतेकदा गाडी अडते. ही तपासणी पहिल्याच भेटीत करा आणि घरच्यांनाही दाखवा. नुसती गाणी म्हणून घेत राहिलात तर मन रमेल, पण पाणी मागता येणार नाही.

त्यासाठी मेलडिक इंटोनेशन थेरपी शिका, म्हणजे रोजची वाक्यं सुरात आणि ठेक्यात म्हणवून बोलणं परत आणायची पद्धत. अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी ती 1973 मध्ये मांडली. ज्याचं बोलणं तुटक आहे पण समज बरी आहे, त्याच्यासाठी ती आहे. वर्निके प्रकारच्या वाचाघातात (मेंदूच्या इजेने भाषा बिघडते तो वाचाघात; या प्रकारात बोलणं ओघवतं, पण समज बिघडलेली) हिच्या मागे लागू नका.

गरजेचं दोन-तीन अक्षरांचं वाक्य घ्या. स्वर दोनच, साधारण सा आणि कोमल ग. जोराचं अक्षर वरच्या स्वरावर. दर अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताची एक थाप, सेकंदाला साधारण एक अक्षर. आधी तुम्ही गुणगुणा, मग दोघं मिळून म्हणा, मग वाक्याच्या मध्यावर तुम्ही गप्प व्हा. पुढे त्याने एकट्याने, आणि शेवटी प्रश्नाचं उत्तर म्हणून.

गप्प होणं हीच खरी कसोटी. आपले ओठ हलत असतात तोवर तो ते बघून म्हणतो आणि आपण प्रगती लिहून मोकळे होतो. म्हणून वहीत 'जमलं' एवढंच लिहू नका, किती आधार दिला तेही लिहा. पुढे सूरही काढून घ्यायचा असतो: आधी ठेका ठेवून अर्धवट बोलल्यासारखं, मग साधं बोलणं. सूर काम करतो की ठेका, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. तुम्ही दोन्ही नीट करा.

गळा नाही म्हणून घाबरू नका, दोन स्वर कोणालाही लागतात. गुरू शोधताना मैफली गाजवणाऱ्यापेक्षा वाचाघाताचे रुग्ण रोज हाताळणारा बघा. नुसती धून वाजवणारी ॲप्स तर माझ्या मते निरुपयोगीच, कारण रुग्ण अडला की कुठे थांबायचं हे त्यांना कळत नाही. अडला तर एक पायरी मागे या, पुन्हा एकदाच करून बघा. तरीही नाही जमलं तर ते वाक्य बाजूला ठेवून दुसरं घ्या.