टाचेवरचा मोजा: महिनोन्‌महिने खाटेवर असलेल्या पेशंटची सेवा करताना

नर्सिंगच्या जीएनएम डिप्लोमाची ३ वर्षं किंवा बीएस्सीची ४ वर्षं पुरी करून, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडून तुम्ही वॉर्डात येता, तेव्हा मनात असतं ते आयसीयू, कॅज्युअल्टी, ऑपरेशन थिएटर. तिथं केलेलं काम लगेच दिसतं. पण ड्यूटी लागते ती एखाद्या जनरल वॉर्डात, आणि कोपऱ्यातल्या खाटेवर कुणीतरी चार-पाच महिने पडून असतं. पक्षाघात, मणक्याची इजा, डोक्याला मार. राउंडला डॉक्टर तिथं जेमतेम अर्धा मिनिट थांबतात, ‘कंटिन्यू’ म्हणतात आणि पुढे जातात. पुढचे चोवीस तास तो माणूस आपल्या हातात असतो. सरकारी रुग्णालयात बावीस वर्षं काढल्यावर नव्या मुला-मुलींना सांगावंसं वाटतं ते या कोपऱ्यातल्या खाटेबद्दलच.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे एक काका होते. डावी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. डिसेंबरचे दिवस होते म्हणून काकूंनी घरून लोकरीचे मोजे आणून त्यांच्या पायांत घातले. मी रोज स्पंजिंग करायचे, पाठ बघायचे, पावडर लावायचे, चार्टवर सही करायचे. पाच दिवस मोजा काढून पाहिला नाही. सहाव्या दिवशी चादर बदलताना तो सरकला आणि डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा-जांभळा डाग दिसला. बोट लावलं तर आतून पिकल्या फळासारखं मऊ. काका काही बोलू शकत नव्हते, नुसते बघत होते. काकू घाबरून म्हणाल्या, “सिस्टर, मोजे मी घातले. माझं चुकलं का हो?”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी मायेनं घातले होते, काढून बघायचं काम माझं होतं. हे मी तेव्हा त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. जखम भरायला तीन महिने गेले आणि तेवढे दिवस त्या स्वतःलाच दोष देत राहिल्या.

म्हणून पहिलं सांगणं असं की, रोज एकदा माणूस डोक्यापासून पायापर्यंत उघडून बघा. डोक्याची मागची बाजू, कानाची पाळी, खांद्याचं हाड, कोपर, माकडहाडाच्या वरची जागा, खुबा, घोटा, टाच. राइल्स ट्यूबची, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीची, चिकटपट्टी काढून नाकपुडी बघा, ऑक्सिजनचा मास्क असेल तर त्याचा पट्टा कानामागे रुततोय का तेही बघा. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या सावळ्या माणसांच्या अंगावर लाली दिसतेच असं नाही, म्हणून हात लावून बघावं लागतं. जागा गरम लागते का, शेजारच्यापेक्षा कडक किंवा लिबलिबीत आहे का. दर दोन तासांनी कूस बदलायची हे सगळ्यांना पाठ असतं. पण पहाटे चारला, वॉर्डात एकच स्टाफ असताना, ते होतं का हा खरा प्रश्न. एकट्यानं ओढू नका. ओढलं की कातडी चादरीवर घासते आणि तुमची कंबरही जाते. मावशींना किंवा मामांना हाक मारा, ड्रॉ-शीट (पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर) दोन्हीकडून धरा, उचलून फिरवा. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांत कलतं ठेवा, पूर्ण कुशीवर टाकलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो.

आमच्या वेळी लाल झालेल्या जागेवर स्पिरिट लावून चोळायला शिकवायचे. ते आता करू नका. आतली नाजूक झालेली पेशी चोळण्यानं अजून तुटते आणि स्पिरिटनं कातडी कोरडी पडते. ग्लोव्हमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवायची पद्धतही बऱ्याच वॉर्डांत दिसते. त्याचा उपयोग नाही, भार टाचेवरच राहतो. पोटरीखाली लांब उशी द्या, म्हणजे टाच हवेत राहते. एवढी उशी मिळाली असती तर आमच्या काकांची टाच वाचली असती.

दुसरी गोष्ट सांगायला अवघड आहे. सगळे पेशंट आपल्याला सारखे आवडत नाहीत. हसून ‘सिस्टर, जेवलात का?’ विचारणाऱ्या आजीची कूस वेळेवर बदलली जाते, आणि शिव्या देणाऱ्याची राहून जाते. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं. आमच्याकडे एक गवंडी होता, परांचीवरून पडलेला. छातीच्या वरच्या भागातला मणका मोडला होता, तिथून खाली काही जाणीव नाही. वय चौतीस. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो घालूनपाडून बोलायचा, बायकोला तर सगळ्यात जास्त. त्याच्या खाटेकडे आम्ही सगळ्यात शेवटी जायचो. मीही.

एका नाइटला तीनच्या सुमारास तो ओरडायला लागला, “डोकं फुटतंय माझं, कुणी बघतंय का न्हाई?” बरोबरची मुलगी म्हणाली, “रोजचंच आहे त्याचं, पॅरासिटामॉल देते.” मी जाऊन टॉर्च मारला. चेहरा आणि मान लालभडक, कपाळावर घामाचे थेंब, आणि पाय मात्र गार. बीपी घेतलं तर १९० च्या वर, एरवी त्याचं १०० च्या आसपास असायचं. पांघरूण काढलं. कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडली होती आणि पिशवी जवळजवळ रिकामी. डोक्याकडची बाजू उंच केली, नळी मोकळी केली, डॉक्टरांना कॉल दिला. डॉक्टर येईपर्यंत पिशवीत पाऊण लिटर लघवी उतरली होती आणि बीपी खाली येत होतं.

छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा असेल तर हे होऊ शकतं. भरलेलं मूत्राशय, तुंबलेला संडास, रुतलेली नखं, एवढ्याशा कारणानं बीपी भडकतं, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा पेशंटचं डोकं अचानक दुखायला लागलं की गोळीआधी बीपी आणि नळी बघा. ही माहिती मला होती, परीक्षेत लिहिलीही होती. त्या रात्री ती उपयोगी पडली ती मी उठून गेले म्हणून, आणि खरं सांगायचं तर उठताना माझ्याही मनात ‘रोजचंच आहे’ हेच होतं.

त्यानंतर मी एक ठरवलं. जो पेशंट नकोसा वाटतो, ड्यूटीवर आल्यावर पहिली कूस त्याची बदलायची. हळूहळू तो गवंडी माझ्याशी बोलायला लागला. धाकट्या मुलीच्या शाळेचं काय होणार याची त्याला रात्ररात्र झोप नव्हती. त्याच्या शिव्यांमागे काय होतं ते मला तोवर माहीतच नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

जे बोलतच नाहीत त्यांच्याशीही बोला. नळीतून फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवा, ट्यूब जागेवर आहे ना ते तपासा, आणि सांगा, ‘बाबा, आज डाळीचं पाणी आहे.’ ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना ‘अकरा नंबरचं फीड झालं’ म्हणण्याऐवजी नाव घ्या. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून ‘काही होप नाही’ असं बोलू नका, त्यांना किती ऐकू येतं हे आपण सांगू शकत नाही.

मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग तुम्हाला माहीत असतील. स्वतः तिथल्याच नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं त्या गेल्या. मधली सुमारे ४२ वर्षं त्यांना केईएमच्या नर्सेसनी सांभाळलं. हल्ला झाला तेव्हा जन्मलेल्याही नसतील अशा मुली पुढे त्यांना भरवत होत्या, पुसत होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या दयामरणाची याचिका फेटाळली, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोअर (पडून राहून दाबानं होणारी जखम) झाला नाही याची नोंद निकालात आली, आणि त्यांच्या वतीनं बोलायचा अधिकार न्यायालयानं केईएमच्या स्टाफचा मानला. त्या जगण्याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत, नर्सेसमध्येही आहेत. मला मात्र त्या बेडसोअरच्या ओळीपाशी दर वेळी थांबावंसं वाटतं. दर दोन तासांनी एक कूस धरली तरी किती हात लागले असतील, आणि त्यातल्या बहुतेकींची नावं कुठेच नाहीत.

सीनियर सांगतील, ‘जीव लावू नका, त्रास होतो.’ त्रास होतो हे खरं. आठ महिने सांभाळलेला पेशंट जातो आणि संध्याकाळपर्यंत त्या खाटेवर नवा माणूस असतो. त्या दिवशी घरी जाऊन रडलात तर त्यात कमीपणा नाही. पैसे उसने देणं, नातेवाइकांच्या भांडणात पडणं टाळा, तेवढी मर्यादा लागते. पण जीव न लावता पहाटे चारची कूस कशी बदलता येते, ते मला तरी जमलेलं नाही.

शेवटी डिस्चार्ज. घरी गेल्यावर सगळं बायकोवर किंवा आईवर येतं, म्हणून शेवटचा आठवडा तिच्या हातून करून घ्या. तुम्ही फक्त बाजूला उभे राहा. गवंड्याच्या बायकोला कूस बदलायला, नळी मांडीवरून घ्यायला, पिशवी कमरेच्या खाली ठेवायला आम्ही असंच शिकवलं. दीड महिन्यांनी ती त्याला ओपीडीत घेऊन आली. मी काही विचारायच्या आत तिनं त्याला कुशीवर वळवून पाठ दाखवली, मग खाली वाकून दोन्ही पायांतले मोजे काढले.