चिरेखाणीचं मॉडेल करताय? मग काढलेला तुकडा फेकू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, एकदा चिरेखाण (बांधकामाचे चिरे काढायची खाण) सुरू झाली की जमीन दर सीझनला बदलते, त्यामुळे एकदाच थ्रीडी स्कॅन करून ठेवलं तर हातात फक्त त्या दिवसाची खाण राहते. मला विचाराल तर जपायचं ते हे बदलणंच, म्हणून लाकडी थरांचं मॉडेल असं करा की दरवर्षी खणलेल्या भागाएवढा तुकडा त्यातून काढता येईल.

मालकाची परवानगी घेऊन काम बंद असताना जा. जिथे मशीन पोचणार नाही अशा कातळावर ऑईल पेंटने चार-पाच खुणा करा, त्यांच्यातली अंतरं टेपने मोजून ठेवा, पुढच्या वर्षीचं स्कॅन ह्यांच्यावरच जुळवायचंय. पण जवळपास कातळशिल्पं (कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं) असतील तर रंगाचा थेंबही नको प्लीज, नुसत्या रंगवलेल्या फरश्या ठेवा आणि अंतरं पक्क्या बांधापासून मोजा.

फोटो मोबाईलने चालतात. ढगाळ उजेडात, प्रत्येक फोटोत आधीच्याचा 70-80 टक्के भाग येईल असे काढा नि मेशरूम किंवा वेबओडीएम ह्या फोटोंवरून थ्रीडी स्कॅन बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, दोन्ही ओपन सोर्स आहेत. खाणीआधीचा सडा कसा मिळवायचा? सडा बराचसा सपाट असतो, म्हणून खड्ड्याच्या कडा जोडल्या की अंदाज येतो, आणि हद्द कशी वाढत गेली ते गुगल अर्थ प्रोच्या जुन्या इमेजमध्ये दिसतं.

आता मुख्य गंमत. चिऱ्याची खाण थराथराने खाली जाते, तर मॉडेलचा एक थर म्हणजे खाणीचा एक थर ठेवा. थर 20 सेंमीचा असेल तर 1:50 स्केलला 4 मिमी प्लाय लागतं. मूळ सड्याइतके पूर्ण थर लेझरने कापा, दरवर्षी जेवढं खणलं तेवढाच भाग वेगळा कापा, आणि फेव्हिकॉलने चिकटवू नका, लाकडी खुंट्यांवर बसवा.

पुढचं काम हाताचंच. स्कॅनमध्ये बारीक खुणा गुळगुळीत होऊन जातात, मशीनच्या पात्याच्या सरळ रेषा आणि जुन्या खाणीतले टिकावाचे तिरके घाव दोन्ही पुसले जातात, ते पटाशीने परत कोरा. हे करताना खाणीवर काम केलेल्या माणसाला शेजारी बसवा, दगड कुठे मऊ लागला म्हणून सोडला हे त्यालाच माहीत असतं. शेवटी जांभ्याची पूड चाळून पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून ब्रशने लावा.

पावसात खड्ड्यात पाणी भरतं, त्यामुळे पुढचे फोटो मे संपायच्या आत काढा, काढलेल्या तुकड्याच्या पाठीवर वर्ष लिहा आणि तो मॉडेलबरोबरच ठेवा.