हाताची हाडं ओळखताय? या चुका टाळा

शरीररचना शिकणारी पहिल्या वर्षाची पोरं हाडांच्या पेटीसमोर बसली की माझं एकच सांगणं असतं: हाड उचलायच्या आधी ते स्वतःच्या अंगावर चाचपा. बरीच जणं ऐकत नाहीत. मोबाइलवरच्या युक्त्या पाठ करतात आणि तोंडी परीक्षेत अल्ना, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचं करंगळीकडचं हाड, उलटी धरतात.

ही चूक 'हेड' म्हणजे हाडाचं गोल डोकं, या शब्दामुळे होते. ह्युमरसचं (दंडाच्या हाडाचं) हेड वर, रेडियसचंही (अल्नाशेजारच्या, अंगठ्याकडच्या हाडाचंही) वर, म्हणून अल्नाचंही वरच शोधतात. ते खाली, मनगटाशी असतं. करंगळीच्या बाजूला मनगटामागे जो गोल उंचवटा लागतो, तोच. टेबलावर कोपर टेकवल्यावर टोचतं ते वरचं टोक, ओलेक्रेनॉन. ते टोक वर ठेवून हाड उभं धरा, मोठी खाच तुमच्यापासून दूर, पुढे करा. तिच्या खाली एका बाजूला रेडियससाठी लहान खाच दिसेल. ती तुमच्या उजवीकडे आली तर हाड उजवं. कोपर टेकवायला दोन मिनिटं लागतात, तेवढाही धीर नसेल तर हा विषय जमणं कठीण.

दुसरी चूक गावातली आहे. एका उन्हाळ्यात वावर नांगरताना हाडं निघाली. सुटीवर आलेला आमचाच एक विद्यार्थी पाहताक्षणी बोलून गेला, "हा तं माणसाचा हात हाय." गावातला एक माणूस दोन वर्षांपासून बेपत्ता होता. त्याची म्हातारी आई येऊन धुऱ्यावर बसली. पोलीस पाटलांनी मला बोलावलं. पाहिलं तर रेडियस आणि अल्ना जुळून एकजीव झालेली. माणसात ती सुटी असतात, म्हणून तर आपला तळहात पालथा-उताणा होतो. गुरांमध्ये ती जुळतात. सोबतचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, तोही लांबट होता, त्याला आपल्यासारखं पुढे आलेलं चोचीसारखं टोक, कोरॅकॉइड, नव्हतं. "आजी, हे ढोराचं हाय," मी म्हटलं. तिला पटायला संध्याकाळ झाली. हाडं तरीही पोलिसांनी तपासणीला नेली, आणि तेच योग्य. अशी हाडं सापडली तर हलवू नका, पोलीस पाटलांना कळवा, आणि अंदाज तोंडातून काढू नका. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी गाईचं आणि माणसाचं हाड शेजारी ठेवून तासभर बसवलं.

बाकीच्या चुका लहान आहेत, त्या टाळायला एवढं लक्षात ठेवा. क्लॅव्हिकलचं (गळ्याखालच्या आडव्या हाडाचं) चपटं टोक खांद्याकडे, जाड टोक छातीकडे, खोबण खाली. गुरांना हे हाड नसतंच. स्कॅपुलाचा (फऱ्याचा) काटा मागे, ग्लेनॉइडची, म्हणजे ह्युमरसचं डोकं टेकतं ती, उथळ बशी बाहेर. ह्युमरसचं गोल डोकं आत, ओलेक्रेनॉनचा खोल खड्डा मागे. रेडियसचं रुंद टोक खाली, त्याचं टोकदार शेपूट अंगठ्याकडे.

सराव मात्र झिजलेल्या जुन्या हाडांवर करा. प्लॅस्टिकवर खुणा फार ठळक असतात, आणि परीक्षेत समोर येतं ते झिजलेलंच.