एकच प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर नीट कसा चालवावा

समजा, वाचनालयाच्या पुस्तक देवघेवीचा प्रोग्रॅम करायचा आहे. ग्रंथपालांकडे विंडोज, कार्यवाहांच्या घरी मॅक, कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर लिनक्स. लिहायचा मात्र एकदाच.

आधी कोडचे दोन भाग पाडा. पुस्तक कुणाकडे आहे, तारीख उलटली का, दंड किती, हे एका फाइलमध्ये. बटणं आणि तक्ते दुसऱ्या फाइलमध्ये. हिशेबाच्या फाइलला स्क्रीनचा पत्ताही नसावा. एकही विंडो न उघडता टर्मिनलवरून, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांनी, दंड काढता आला, की विभागणी जमली. हे पहिल्याच दिवशी करा, नंतर गुंता सुटता सुटत नाही.

मग टूलकिट, म्हणजे विंडो आणि बटणं बनवायचं तयार साहित्य. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं टीकेइंटर (Tkinter) शिकायला सोपं आहे, लहान कामाला पुरतं. मी स्वतः क्यूट (Qt) हे दुसरं टूलकिट घेईन, कारण तिन्हीकडे प्रोग्रॅम त्या त्या सिस्टिमला शोभेल असा दिसतो.

सगळ्यात जास्त चुका मांडणीत होतात. बटणाची उंची 20 पिक्सेल, अशी आकड्यात कधीही बांधू नका. मी बांधली होती. माझ्या स्क्रीनवर ‘पुस्तक शोधा’ सुरेख दिसायचं. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलला, खालचा उकार कापला गेला आणि बटणावर उरलं ‘पस्तक शोधा’. देवनागरीला वर मात्रा-रफार, खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. शिवाय विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर बहुधा नोटो किंवा लोहित, म्हणजे प्रत्येकाची उंची-रुंदी निराळी. म्हणून टूलकिटमधले आडवा, उभा आणि ग्रिड (चौकटींचा) लेआउट, म्हणजे जागा आपोआप वाटणाऱ्या मांडण्या, वापरा. मजकुराला लागेल तेवढं बटण आपोआप वाढू द्या. विंडोजचं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठं दाखवायची सेटिंग, 100, 125, 150 टक्के करून प्रत्येक विंडो उघडून बघा. नमुन्यादाखल इंग्रजी मजकूर टाकू नका, पहिल्यापासून खरी मराठी नावं टाका.

आता लोकांच्या सवयी. मॅकवर मेनू स्क्रीनच्या माथ्यावर असतो, विंडोजवर विंडोतच. कॉपी करायला तिकडे कमांड-सी, इकडे कंट्रोल-सी. क्यूटमध्ये कंट्रोल लिहिलं की मॅकवर त्याचं कमांड होतं. ‘ठीक’ आणि ‘रद्द’ यांचा क्रमही मॅकवर उलटा असतो. ही बटणं हाताने मांडू नका. क्यूटचा तयार डायलॉग-बटण-बॉक्स तो क्रम सांभाळतो.

फाइलचा पत्ता तिरप्या रेघा जोडून लिहू नका, पायथॉनच्या पाथलिब (pathlib) या तयार मॉड्यूलवर सोपवा. फाइलच्या नावातला कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक लिनक्स मानतं, विंडोज सहसा मानत नाही. त्यामुळे नावं सगळी स्मॉलमध्येच ठेवा.

शेवटी ग्रंथपालांना माउसशिवाय, टॅब आणि कीबोर्डवरच एक पुस्तक द्यायला सांगा. मॅकवर टॅब बटणांवर थांबत नसेल तर सेटिंगमधलं कीबोर्ड नेव्हिगेशन चालू करा. शेजारी बसा, मध्ये बोलू नका, आणि हात कुठे अडखळतो ते वहीत लिहून घ्या.